पक्षितपस्वी सालिम अली आणि माझे एक छायाचित्र

या वार्षिकांकासाठी मी संपादक मंडळाकडे लेख नव्हे, तर एक छायाचित्र दिले होते. शिरगावच्या मोकळ्या शेतात अंड्यांवर बसलेली टिटवी, तिच्या डोळ्यांत उतरलेले ऊन आणि मागे अंधुक दिसणारी सुरूची रांग. मंडळाला ते पसंत पडले होते. काही दिवसांनी मी स्वतःच ते परत मागून घेतले. असे का, हे सरांनी विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. पण त्यासाठी माझ्याविषयी थोडे आणि एका थोर माणसाविषयी पुष्कळ सांगावे लागेल.

शिरगाव हे माझे आजोळ. पालघरहून पश्चिमेला समुद्राकडे गेले की सातपाटी आणि माहीम यांच्या मध्ये हे गाव लागते. गावात जुना किल्ला, पुढे सुरूचे बन आणि त्यापलीकडे लांबच लांब किनारा. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मामाने आपला कॅमेरा माझ्या हाती दिला. लांबचे टिपणारी भिंग त्याला होती. पहिले काही दिवस मी बगळे, खंड्या, वेडे राघू यांच्यामागे धावले. मी धावले की ते उडत. हाती येई ती रिकामी फांदी किंवा पाठमोरे शेपूट.

मग एका भाताच्या मोकळ्या खाचरात मला टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर किंचित खळगा करून त्यात अंडी घालते. मातकट रंगावर काळे ठिपके असल्यामुळे ती ढेकळांत ओळखू येत नाहीत. चार अंडी होती. आजीने मला बजावले होते की टिटवी कलकलते तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. मला वाटले, ही टिटवीच्या ओरडण्याला अशुभ मानणारी जुनी समजूत. मी दुर्लक्ष केले.

तीन दिवस मी तिथे गेले. रोज थोडी जवळ. तिसऱ्या दिवशी आड येणारे गवत मी उपटून टाकले, दोन काटक्या बाजूला केल्या, आणि पंधरा पावलांवर बसून राहिले. नर-मादी दोघेही डोक्यावरून घिरट्या घालत आक्रोश करीत होते. भर दुपारच्या उन्हात अंडी उघडी पडलेली. बऱ्याच वेळाने मादी परतली, बसली, आणि मला हवे होते ते छायाचित्र मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर खळग्यात कवचाचे दोन तुकडे तेवढे होते. शेजारच्या बांधावर कावळे बसले होते. शेतात काम करणाऱ्या काकांनी सांगितले की कावळे माणसाच्या मागे असतात. माणूस जिथे वाकतो, तिथे ते नंतर उतरून पाहतात.

समुद्राने टिटवीची अंडी पळवली, ही पंचतंत्रातली गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. शिरगावला समुद्र हाकेच्या अंतरावर होता, पण दोष त्याचा नव्हता.

नोव्हेंबरमध्ये पक्षी सप्ताह आला. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालिम अलींच्या जन्माचा. त्या निमित्ताने मी सालिम अलींविषयी वाचायला घेतले. खरे सांगायचे तर छायाचित्राखाली छापण्यासाठी चार ओळी हव्या होत्या म्हणून. त्या चार ओळी काही लिहून झाल्या नाहीत.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मोठ्या कुटुंबातले हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. त्यामुळे छोट्या सालिमच्या हाती आली ती वही नव्हे, छर्ऱ्याची बंदूक.

तबेल्यातल्या एका घरट्यावर पहारा देणारा चिमणा त्याने मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. मुलाने तोही टिपला. आठवड्याभरात असे आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण या मुलाने एक वेगळी गोष्ट केली. त्याने काय झाले ते जसेच्या तसे लिहून ठेवले. आपला पराक्रम म्हणून लिहिले असेल, पण लिहिले ते खरे. पुढे कितीतरी वर्षांनी ते टिपण छापले गेले, तेव्हा ते चिमण्यांच्या वर्तनाचा पुरावा ठरले.

मग ती प्रसिद्ध घटना. मुलाने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, ते मामांना सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला सोसायटीच्या कचेरीत पाठवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तिचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड हे गोरे साहेब. कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन दबकत दबकत गेलेल्या त्या मुलाला मिलार्डसाहेबांनी हाकलले नाही. ही पीतकंठी चिमणी, असे त्यांनी ओळखून सांगितले आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. एका देशात इतके पक्षी असू शकतात, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले. त्याचा पुढचा सगळा जन्म त्या खणांतून निघाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी याच चिमणीच्या पडण्यावरून ठेवले.

एवढे झाले म्हणून वाट सरळ झाली नाही. सालिम १९१३ साली मॅट्रिक कसेबसे उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले, पण शिक्षण अर्धवट सोडून ब्रह्मदेशात तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला गेले. धंद्यापेक्षा जंगलातच त्यांचा वेळ जास्त गेला, आणि धंदा बुडाला. मुंबईत परतल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब यांचा अभ्यास केला. झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा कल ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. मात्र पदवी त्यांच्या नावापुढे कधीच लागली नाही. पुढे झूलॉजिकल सर्व्हेमध्ये पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. परीक्षेच्या गुणांवर स्वतःची किंमत ठरवणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९१८ साली त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या, साहित्याची जाण असलेल्या. पतीचे लेखन त्या तपासत. सालिम अलींची भाषा पुढे इतकी स्वच्छ आणि मिस्किल झाली त्यामागे त्यांचा हात होता. १९२६ साली सालिम अलींना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पण काचेच्या कपाटातल्या पक्ष्यांवर बोलून त्यांचे मन भरेना. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. स्ट्रेझमान यांना ते आयुष्यभर गुरू मानीत. पक्ष्याची कातडी मोजण्याइतकेच जिवंत पक्ष्याचे वागणे समजून घेणे मोलाचे आहे, ही दृष्टी तिथे पक्की झाली.

१९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. हाताला काम नाही, आणि मुंबईत राहणे परवडत नाही. पतिपत्नी अलिबागजवळ किहीमला तेहमिनांच्या माहेरच्या घरी राहायला गेली.

इथे मी वाचता वाचता थांबले. मुंबईच्या दक्षिणेला किहीम आहे तसे उत्तरेला आपले शिरगाव. तोच समुद्र, तीच नारळी-पोफळीची वाडी, तोच धो धो कोसळणारा पाऊस. बेकारीच्या त्या पावसाळ्यात घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अलींनी काय करावे? त्यांनी एक शिडी उभी केली, तिच्या माथ्यावर आडोसा केला आणि त्यात दडून तासन् तास, दिवसामागून दिवस घरटी पाहत बसले.

अशा आडोशाला रानातली माणसे लपण म्हणतात. वन्यप्राण्यांची छायाचित्रे घेणारी अनेक माणसे आजही लपणाचा आधार घेतात. पण लपण म्हणजे नुसते आपण दिसू नये म्हणून घातलेले कापड नव्हे. ते एकदा उभारले की पक्ष्याला त्याची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. आत बसलेल्या माणसाला पक्ष्याचा दिनक्रम कळतो, कारण माणूस नसता तर पक्षी जसा वागला असता तसाच तो वागत राहतो. मी पंधरा पावलांवर बसून जे पाहिले ते टिटवीचे जगणे नव्हते. ती माझ्या भीतीने काय करते, तेवढेच मी पाहिले होते.

किहीमच्या शिडीवरून सालिम अलींना जे दिसले त्याने जुन्या समजुती पार उलटल्या. आपल्या भाषेत या पक्ष्याचे नाव सुगरण. त्यामुळे घरटे मादीच विणते असे आपण धरून चालतो, आणि कवितेतही तिलाच गृहिणीचा मान देतो. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. तो गवताच्या, पात्यांच्या चिरफळ्या काढून घरटे अर्धे करतो. त्या अवस्थेत माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले तर जोडी जमते, नर खालची नळी विणून घरटे पुरे करतो आणि मादी अंडी घालते. अंडी उबवण्याचे काम तिचे. तोवर नराने दुसरे घरटे विणायला घेतलेले असते, दुसऱ्या मादीसाठी! अशी एकापाठोपाठ एक लग्ने त्याच हंगामात होतात. जे घरटे एकाही मादीला आवडत नाही ते तसेच अर्धवट लोंबत राहते. कोणती मादी कोणत्या घरट्यात केव्हा शिरली, हे रोज पाहून लिहिल्याशिवाय यातले काहीच उमगले नसते. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि सालिम अलींचे नाव जगभर पोचले. तबेल्यातल्या चिमण्यांवर नेम धरणाऱ्या मुलाचाच हा धागा होता. यावेळी एकही पक्षी न मारता त्याला उत्तर मिळाले.

यानंतर त्यांनी स्वतःसाठी काम निर्माण केले. खर्च द्या, मेहनताना नको, अशा बोलीवर संस्थानांच्या हद्दीतले पक्षी मोजून-नोंदवून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी पाहणी एकामागून एक झाली. बैलगाडी, तंबू, कंदील आणि बरोबर तेहमिना. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. सालिम अली खचले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी बहिणीच्या कुटुंबासोबत काढली. पुन्हा लग्न केले नाही.

हे काम करताना ते बंदूक वापरीत, हे लपवण्यात अर्थ नाही. शास्त्रासाठी मोजके नमुने घ्यावेच लागतात, असे त्यांचे मत होते. त्यांना चीड होती ती हौसेखातर होणाऱ्या कत्तलीची. भरतपूरच्या पाणथळीत १९३८ साली व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ झालेल्या एकाच दिवसाच्या शिकारीत चार हजारांहून अधिक पाखरे पडली होती. तीच जागा पुढे राष्ट्रीय उद्यान झाली, आणि त्यामागे सालिम अलींनी लावलेला नेट मोठा होता. आज तिथे माणसे बंदुकीऐवजी कॅमेरे घेऊन जातात.

कॅमेऱ्याच्या संदर्भात त्यांच्या एका मित्राची आठवण काढली पाहिजे. लोक वान थो हे सिंगापूरचे धनाढ्य चित्रपट-व्यावसायिक. १९४२ साली जपानी फौजा सिंगापुरात येऊन ठेपल्या तेव्हा ते जहाजाने निघाले. वाटेत जहाजावर बाँब पडले, ते भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. त्यातून बरे होऊन ते भारतात आले आणि मुंबईत त्यांची सालिम अलींशी गाठ पडली. ज्यांचे डोळे जाता जाता वाचले होते ते गृहस्थ या मित्राबरोबर हिंडत पक्ष्यांची छायाचित्रे घेऊ लागले. लपणात बसून घरट्यावरचा पक्षी टिपण्यात त्यांचा हातखंडा होता. सोसायटीला त्यांनी पैशाचीही मदत केली. १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात त्यांचा अंत झाला. शिडीवरची वही आणि लपणातला कॅमेरा ही एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत, हे या मैत्रीवरून मला पटले.

नोंदीच्या खरेपणाचा प्रश्न सालिम अलींच्या आयुष्याशी आणखी एका प्रकारे जोडलेला आहे. १९३७ साली ते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. या कर्नलसाहेबांनी वस्तुसंग्रहालयांतून नमुने चोरून त्यांवर खोट्या तारखा आणि खोटी ठिकाणे लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. त्यात आपल्या भागाचा रानपिंगळाही होता. हे दुर्मीळ घुबड १८८४ नंतर खात्रीने कुणालाच मिळाले नव्हते. कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीनुसार मात्र १९१४ साली गुजरातेत ते त्यांना मिळाले होते. त्या खोट्या पत्त्यामुळे शोध भलतीकडे भरकटला. चिठ्ठी खोटी आहे हे ओळखून अभ्यासक जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, शहाद्याजवळ, रानपिंगळा जिवंत दिसला. त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली गेली. पुढे २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही आढळला. तानसा म्हणजे आपल्या घराशेजारचे रान. सालिम अली हे पाहायला नव्हते.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे लोकप्रिय पुस्तक निघाले. सामान्य माणसाने झाडाखाली उभे राहून पक्षी ओळखावा, ही सोय या पुस्तकाने केली. डिलन रिप्ली या अमेरिकन मित्राबरोबर लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे मान चालत आले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामी सोसायटीला देऊन टाकली. सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचवण्यासाठी त्यांनी आपला शब्द खर्च केला.

जेर्डनचा धाविक नावाचा पक्षी १९०० नंतर दिसेनासा झाला होता. जानेवारी १९८६ मध्ये सोसायटीच्या प्रयत्नांना यश येऊन तो आंध्र प्रदेशात सापडला. रात्रीच्या वेळी एका स्थानिक माणसाने तो जिवंत पकडला होता. थोड्याच दिवसांत तो पक्षी मेला. पंचाऐंशी वर्षांनी सापडलेला पक्षी माणसाच्या हातात टिकला नाही! ही बातमी त्यांना नव्वदीच्या उंबरठ्यावर ऐकावी लागली. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता माझ्या छायाचित्राकडे येते. त्याखाली मी लिहिणार होते की शिरगाव येथे अंडी उबवणारी टिटवी. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण दुसऱ्या दिवशीचा रिकामा खळगा त्या ओळीत कुठेच नव्हता. चौदा-पंधरा वर्षांचेही वय नसताना एका मुलाने आपण मारलेल्या चिमण्यांचा हिशेब खरा लिहिला, आणि मी पदवीच्या वर्गात बसून माझा हिशेब अर्धाच देणार होते. म्हणून ते छायाचित्र परत घेतले. चित्र चांगले आले होते, याचे वाईट वाटते हेही लपवत नाही.

डिसेंबरमध्ये मी पुन्हा आजोळी गेले. मामाने जुनी मच्छरदाणी आणि सुरूच्या फांद्या घेऊन मला किनाऱ्यावर एक लपण करून दिले. ओहोटी लागण्याआधीच आत जाऊन बसायचे, आणि पाखरे आपणहून निघून जाईपर्यंत बाहेर यायचे नाही, एवढा एकच नियम मी केला. दूरदेशाहून आलेले तुतवार ओल्या वाळूत चोची खुपसत माझ्या दिशेने चरत आले आणि पुढे निघून गेले. तीन तासांत हाती आली ती चार चित्रे, तीही लहान आणि जराशी अंधुक. एकाही चित्रात पक्ष्याने मान वर केलेली नाही. बाहेर आले तेव्हा पाय पार आखडले होते. आजीने नारळाचे तेल चोळून दिले आणि टिटवीचा विषय काढला नाही.

येत्या पावसाळ्यात आमच्या विहिरीवरच्या शिंदीला सुगरणीची घरटी लागतील. मामाने शिडीची दोरी बदलून ठेवली आहे. या खेपेला मी आधी वही घेऊन बसणार आहे.